साताऱ्या-सांगलीहून मुंबईत: समुद्र दिसणाऱ्या स्टुडिओ खोलीतील मुक्कामाचे सविस्तर नियोजन

महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते ती जागा अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर आहे. तरीही नदी पूर्वेकडे वळते आणि सातारा, सांगली ही दोन्ही शहरे तिच्याबरोबर समुद्राकडे पाठ करून वसली आहेत. या भागातील माणसाची समुद्राशी ओळख झाली ती बहुतांशी मुंबईमुळे. गिरणगावात गावोगावच्या मंडळींचे गाळे होते, माथाडी कामगारांच्या खोल्या होत्या, आणि जावळी, पाटण किंवा शिराळा तालुक्यातून कामानिमित्त गेलेला माणूस तिथेच पथारी टाकत असे. आता मुलांच्या परीक्षा, परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रे, लग्नकार्ये किंवा केवळ आई-वडिलांना निवांतपणे समुद्र दाखवण्याची इच्छा, अशा कारणांनी कुटुंबे दोन-चार रात्रींसाठी हॉटेलातील स्टुडिओ खोली घेऊ लागली आहेत.

या खोलीचे भाडे साध्या खोलीपेक्षा जास्त असते आणि त्यातील मोठा वाटा खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याचा असतो. म्हणून या लेखात मी एका गोष्टीवर सर्वाधिक भर देणार आहे. खिडकी कोणत्या दिशेला उघडते, त्या दिवसांत भरती किती वाजता आहे आणि ऋतू कोणता आहे, हे आरक्षणापूर्वी पाहावे आणि मुक्कामाचा दिवस त्या खिडकीभोवती आखावा. सकाळी नऊला बाहेर पडून रात्री दहाला परतणाऱ्यांनी समुद्राच्या नावाने जादा पैसे मोजू नयेत. त्यांच्यासाठी गल्लीकडे तोंड असलेली स्वच्छ खोलीच योग्य आहे.

स्टुडिओ खोली कोणाला सोयीची

स्टुडिओ म्हणजे झोपणे, बसणे आणि थोडाफार स्वयंपाक यांची सोय एकाच दालनात असलेली जागा. भिंतीने वेगळी केलेली झोपण्याची खोली नसते, न्हाणीघर एकच असते, आणि एका कोपऱ्यात लहान ओटा, सिंक, फ्रिज आणि विजेची शेगडी असते. पती-पत्नी, पती-पत्नी व एक लहान मूल, किंवा आई व मुलगी अशा दोन-तीन माणसांना ही व्यवस्था उत्तम पडते. पथ्याचे खाणारे ज्येष्ठ बरोबर असतील तर तिचा खरा उपयोग होतो, कारण सकाळचा चहा, औषधाआधीची पेज आणि रात्रीची मऊ खिचडी यांसाठी कोणावर अवलंबून राहावे लागत नाही.

चार मोठी माणसे असतील तर मात्र दोन साध्या खोल्या घ्याव्यात. आजोबांना नऊ वाजता झोपायचे असते, नातवाला दिवा हवा असतो, आणि मध्ये भिंत नसल्याने दोघांचीही गैरसोय होते. रुग्णालयातील उपचारांसाठी जाणाऱ्यांनी तर समुद्राचा विचार बाजूला ठेवून रुग्णालयापासूनचे अंतर हीच पहिली कसोटी मानावी.

एका रात्रीसाठी स्टुडिओ घेण्यात अर्थ नाही असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारी दोनला खोली मिळते, दुसऱ्या दिवशी अकराला सोडावी लागते. ओटा वापरला जात नाही आणि समुद्र जेमतेम एका संध्याकाळी दिसतो. किमान दोन आणि शक्य असल्यास तीन रात्री धराव्यात.

समुद्र कोणत्या दिशेचा

मुंबई हे लांबट, निमुळते होत गेलेले शहर असल्याने तिथे दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र पाहायला मिळतात. पश्चिमेकडे मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्र्याचा बँडस्टँड, जुहू आणि वर्सोवा ही खुल्या अरबी समुद्राची बाजू आहे. कुलाब्यात गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरातील खोल्या मात्र पूर्वेला, म्हणजे बंदराच्या खाडीकडे तोंड करून असतात. घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या लाँचा, नांगरलेली जहाजे आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचे डोंगर असे जिवंत दृश्य तिथे दिवसभर असते. पण तिथे सूर्य पाण्यात बुडताना दिसत नाही, तो पाण्यावर उगवताना दिसतो. सूर्यास्तासाठी जाऊन पूर्वेची खोली घेतली तर निराशा ठरलेली. उलट पहाटे उठणाऱ्या ज्येष्ठांना पूर्वेची खोली अधिक आनंद देते आणि दुपारी ती थंडही राहते.

पश्चिमेच्या खोलीत दुपारी तीननंतर ऊन थेट आत येते. काच भिंतभर असेल तर वातानुकूलन यंत्र पूर्ण वेगाने चालवूनही काचेजवळची खुर्ची तापते, म्हणून जाड पडदे आहेत का हे विचारावे. सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही, हीदेखील लक्षात घेण्याची बाब आहे. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरमध्ये तो नेमक्या पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला मावळतो. त्यामुळे चर्चगेटजवळच्या मरीन ड्राइव्हवरून हिवाळ्यात सूर्य खुल्या पाण्यावर टेकताना दिसतो, तर मे महिन्याच्या अखेरीस तो मलबार हिलच्या आड जातो. वेळही बदलते. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, जूनच्या अखेरीस सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास.

मजल्याचा विचार असाच करावा. जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसते. डोळे ३० मीटर उंचीवर, म्हणजे साधारण दहाव्या मजल्यावर असतील तर ते १९ किलोमीटरपर्यंत मागे सरकते. वरच्या मजल्यावर विस्तार मिळतो, जहाजे दिसतात आणि रस्त्याचा आवाज कमी होतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर लाटेचा फेस, भिंतीवर बसलेली माणसे आणि पाण्याचा बदलता रंग स्पष्ट दिसतो, मात्र वाहनांचा आवाजही वर येतो. मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको शैलीच्या इमारती बहुतांशी ठेंगण्या आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या समूहात त्यांचा समावेश आहे. तिथे उंचीची अपेक्षा ठेवू नये, पण साडेतीन किलोमीटरचा तो वक्र किनारा आणि रात्रीचे दिवे पाहण्यासाठी चौथा मजला मला दहाव्यापेक्षा चांगला वाटतो.

मुंबईचा पश्चिम किनारा अलीकडे बदलला आहे, याची नोंद घेतल्याशिवाय जुन्या छायाचित्रांवर विश्वास ठेवू नये. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा सुमारे साडेदहा किलोमीटरचा धर्मवीर स्वराज्यरक्षक छत्रपती संभाजी महाराज किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मलबार हिलखाली तो बोगद्यातून जातो, परंतु ब्रीच कँडी, हाजीअली आणि वरळी या भागांत तो इमारती आणि पाणी यांच्यामध्ये आला आहे. खालच्या मजल्यावरून तिथे आधी रस्ता, मग भराव आणि त्यापुढे समुद्र असे दृश्य दिसते. २०१८ पूर्वीच्या छायाचित्रात दिसणारी खिडकीखालची लाट आज तिथे असेलच असे नाही. जुहूच्या बाजूला वाळूचा किनारा पायाखाली मिळतो, पण विमानतळावरून उडणाऱ्या विमानांचा आवाज येतो. झोप हलकी असणाऱ्यांनी हे विचारात घ्यावे.

सांगलीकरांना एक जवळचा पर्यायही आहे. कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठता येते, आणि कराडकरांना कुंभार्ली घाटाने चिपळूणमार्गे तिथे जाता येते. थिबा पॉइंट, भाट्ये आणि मांडवी या परिसरात शहरात राहून समुद्र व खाडी दोन्ही पाहता येतात. स्टुडिओ प्रकारच्या खोल्यांची निवड तिथे मुंबईइतकी नसते. दिशा, मजला आणि भरती यांची तपासणी मात्र तशीच करावी.

आरक्षणापूर्वीची चौकशी

प्रथम नकाशाच्या ॲपवर हॉटेल शोधून उपग्रहचित्र उघडावे. इमारतीची लांब बाजू समुद्राला समांतर आहे की आडवी, मध्ये दुसरी इमारत, झाडांची रांग किंवा बांधकामाची जागा आहे का, हे तिथे स्पष्ट दिसते. त्यानंतर हॉटेलने टाकलेली छायाचित्रे सोडून प्रवाशांनी टाकलेली अलीकडची छायाचित्रे पाहावीत. मालकाचे छायाचित्र बहुधा गच्चीवरून काढलेले असते, प्रवाशाचे पलंगावरून. आपल्याला पलंगावरून काय दिसते हेच जाणून घ्यायचे असते.

मग हॉटेलच्या स्वागतकक्षाला दूरध्वनी करावा. आरक्षणाच्या ॲपवरील मदत केंद्राला त्या इमारतीची माहिती नसते. विचारण्याची भाषा नेमकी असावी. “समुद्र दिसतो का” असे विचारले तर उत्तर नेहमी होकारार्थी येते. त्याऐवजी “पलंगावर बसून समोर पाणी दिसते की बाल्कनीत जाऊन मान वळवावी लागते”, “ही खोली कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या दिशेला आहे”, “खिडकी उघडते का”, “समोर सध्या काही काम चालू आहे का”, असे विचारावे. समुद्राकडे पूर्ण तोंड असलेली खोली आणि बाजूने अंशतः समुद्र दिसणारी खोली यांचे दर वेगळे असतात, आणि आरक्षणाच्या पावतीवर जो प्रकार लिहिला असेल तोच देण्यास हॉटेल बांधील असते. दूरध्वनीवर मिळालेली उत्तरे व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहून मागवावीत. “उपलब्धतेनुसार” हा शब्द पावतीवर असेल तर जादा पैसे देण्यापूर्वी तो काढून घेण्याचा आग्रह धरावा.

शोधयंत्रावर हॉटेलच्या नावाने खोटे दूरध्वनी क्रमांक आणि हुबेहूब संकेतस्थळे टाकून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार वारंवार घडतात. क्रमांक हॉटेलच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा, आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावावरील खात्यात यूपीआयने भरण्यास सांगितले तर तिथेच थांबावे. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत पैसे रोखले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

भाडे, कर आणि अनामत

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर रात्री ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढील खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ही मर्यादा समुद्र दिसणाऱ्या खोल्यांच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरते, कारण त्यांचे दर नेमके याच आकड्याच्या आसपास घोटाळतात. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची खोली ८,९६८ रुपयांना. मूळ भाड्यातील २०० रुपयांच्या फरकाने एका रात्रीला जवळजवळ १,२०० रुपये जादा जातात. म्हणून दर ७,५०० च्या किंचित वर असेल तर एखादा दिवस मागेपुढे करून पाहावा किंवा सकाळच्या नाश्त्याशिवायचा दर विचारावा. जादा गादीचे पैसे त्याच भाड्यात धरले जातात का, हेही विचारून ठेवावे.

काही ठिकाणी स्टुडिओसाठी परत मिळणारी अनामत रक्कम घेतात, कारण खोलीत भांडी आणि उपकरणे असतात. ती किती, कोणत्या मार्गाने परत मिळते आणि किती दिवसांत, हे लेखी असावे. उपाहारगृहाच्या बिलात सेवा शुल्क लावलेले असेल तर ते देणे ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक मदत क्रमांक आहे.

दिवस निवडताना घरातील दिनदर्शिका उघडावी

ऋतूबद्दल थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने सर्वांत सुखाचा आहे, मात्र त्यातील काही सकाळी धुरकट असतात आणि क्षितिज दुपारपर्यंत दिसत नाही. एप्रिल-मे दमट असतो. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. ते रूप ज्यांना पाहायचे आहे त्यांनी अवश्य जावे, परंतु त्या काळात सूर्यास्ताची अपेक्षा धरू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ताज्या मासळीची निवडही कमी असते.

याहून अधिक लक्ष भरती-ओहोटीकडे द्यावे असे मला वाटते, कारण घाटावरच्या माणसाच्या ते सहसा ध्यानात येत नाही. दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी होते आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशेब असा की, त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, दुपारी आणि मध्यरात्री. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हा हिशेब चालतो आणि त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो. नेमकी वेळ हवी असल्यास भरतीचे तक्ते पाहावेत.

या हिशेबाचा मुक्कामाशी थेट संबंध आहे. पौर्णिमा किंवा अमावास्या धरून गेलेल्यांना संध्याकाळी सहाला, म्हणजे नेमक्या सूर्यास्ताच्या वेळी, ओहोटी मिळते. उधाणाचे दिवस असल्याने पाणी फार मागे जाते आणि वांद्र्यासारख्या खडकाळ किनाऱ्यावर खिडकीसमोर काळे खडक आणि चिखल उघडा पडतो. खिडकीखाली पाणी भरलेले असताना सूर्य मावळताना पाहायचा असेल तर सप्तमी ते नवमी हे दिवस निवडावेत. त्या दिवसांतील भरती भांगाची, म्हणजे कमी उंचीची असते, पण ती योग्य वेळी असते. पूर्वेकडील बंदराची खोली घेणाऱ्यांनी मात्र पौर्णिमाच साधावी, कारण सूर्य मागे मावळत असतानाच पूर्ण चंद्र समोरच्या पाण्यावर उगवतो. पश्चिमेच्या खोलीतून तोच चंद्र दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रात मावळताना दिसतो. रविवार पाहून आरक्षण करण्याऐवजी तिथी पाहून करावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

प्रवास आणि पोहोचण्याची वेळ

रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली, सातारा करीत सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते. ही सोय उत्तम आहे, पण खोली बहुधा दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मिळते. हॉटेलला आदल्या दिवशी कळवून सामान ठेवण्याची परवानगी आणि शक्य असल्यास तोंड धुण्यासाठी जागा मागून घ्यावी. लवकर खोली देण्यासाठी अर्ध्या दिवसाचे भाडे मागितले आणि बरोबर ज्येष्ठ असतील तर ते द्यावे. रात्रभराच्या प्रवासानंतर त्यांना चार तास बाकावर बसवणे योग्य नाही. दिवसा जाणारी कोयना एक्सप्रेस संध्याकाळनंतर पोहोचते, म्हणजे पहिल्या दिवसाचा समुद्र अंधारातच जातो.

टर्मिनसवरून मरीन ड्राइव्ह आणि कुलाबा जवळ आहेत. टॅक्सीने दोन्ही ठिकाणी थोड्या वेळात पोहोचता येते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लांबीने सुरू झाली असून टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन ही स्थानके तिच्यावर आहेत. जड बॅगा नसतील तर हा मार्ग सोपा आहे.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी आधी वाहनतळाची चौकशी करावी. दक्षिण मुंबईतील अनेक जुन्या हॉटेलांना स्वतःची जागा नसते. द्रुतगती मार्ग संपल्यावर दक्षिण मुंबईकडे जाण्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू सोयीचा आहे, २१.८ किलोमीटरचा हा पूल शिवडीत उतरवतो. वाशीमार्गे गेल्यास मुंबईच्या प्रवेशद्वारावर मोटारींना ऑक्टोबर २०२४ पासून टोल द्यावा लागत नाही.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे लागते आणि त्यावर पत्ता असावा लागतो, त्यामुळे पॅन कार्ड पुरेसे होत नाही. आधारची प्रत देताना शेवटचे चार अंकच दिसणारी मास्क्ड प्रत द्यावी. ती यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून घेता येते.

खोली ताब्यात घेताना

सामान सोडण्यापूर्वी पडदा उघडावा. ठरल्याप्रमाणे दृश्य नसेल तर त्याच क्षणी, लेखी उत्तर दाखवून, खोली बदलून मागावी. एक रात्र राहिल्यानंतर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. त्यानंतर बाल्कनीच्या कठड्याची उंची आणि मजबुती हाताने तपासावी. खाऱ्या हवेत लोखंड फार लवकर गंजते आणि रंगाखालचा गंज दिसत नाही. कठडा हलत असेल तर मुलांना बाल्कनीत जाऊ देऊ नये आणि व्यवस्थापकाला कळवावे. कठड्याजवळ खुर्ची किंवा टेबल असेल तर ते आत घ्यावे, कारण लहान मूल त्यावर चढून बाहेर वाकते.

वातानुकूलन यंत्र, गरम पाणी, शेगडी आणि फ्रिज लगेच चालू करून पाहावेत. भिंतीवर ओल, बुरशीचा वास किंवा गादीत दमटपणा जाणवला तर दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तिथे राहू नये. भांड्यांची यादी मागून ती जागेवर आहेत का ते पाहावे आणि तडा गेलेली कपबशी, ओरखडा पडलेली शेगडी यांचे छायाचित्र काढून हॉटेलला पाठवावे. अनामत परत घेताना हीच छायाचित्रे उपयोगी पडतात.

ओट्यावरचा संसार

स्टुडिओतील शेगडी बहुतेक ठिकाणी इंडक्शनची असते. तिच्यावर ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळेचे साधे भांडे तापत नाही. तळाला लोहचुंबक चिकटेल असे सपाट बुडाचे भांडेच चालते. घरातून कुकर किंवा पातेले न्यायचे असल्यास आधी चुंबक लावून पाहावा. भाकरी अशा शेगडीवर तव्यात भाजली जाते, पण जाळावर टाकता येत नसल्याने फुगत नाही. त्यापेक्षा थालीपीठ बरे. फोडणी करताना एक्झॉस्ट पंखा सुरू ठेवावा, कारण छतावरील धूरसूचक यंत्र मोहरी-मिरचीच्या धुराने वाजू लागते. सुकी मासळी भाजणे, तळण करणे या गोष्टी टाळाव्यात. दालन एकच असल्याने वास गादीत, पडद्यात आणि कपड्यांत बसतो.

बरोबर भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तांदूळ आणि मुगाची डाळ एवढे नेले तरी तीन दिवस निभावतात. सांगलीकर भडंग नेल्याशिवाय राहत नाहीत, आणि समुद्राच्या हवेत भडंग एका संध्याकाळीच सादळतो. घट्ट झाकणाचे लहान डबे न्यावेत, एकेक उघडावा. बेदाणे चिकट होतात, कंदी पेढे उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवावे लागतात. दूध, दही, भाजी जवळच्या दुकानातून घ्यावी. कुलाबा आणि गिरगाव दोन्हीकडे भाजी बाजार चालत जाण्याच्या अंतरावर असतात, तर मरीन ड्राइव्हच्या रांगेत दुकाने कमी आहेत.

खिडकीभोवती दिवस

पश्चिमेच्या खोलीत राहणाऱ्यांनी बाहेरची कामे आणि फिरणे सकाळी आटोपावे. दुपारी ऊन आत येऊ लागले की पडदा ओढून विश्रांती घ्यावी. सूर्यास्ताच्या तासभर आधी पडदा उघडून चहा ठेवावा आणि सूर्य बुडाल्यावर लगेच दिवे लावू नयेत; सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटे आकाशाचा रंग सर्वांत गडद असतो. रात्री समुद्र पाहायचा असेल तर खोलीतील सर्व दिवे बंद करावेत, नाहीतर काचेत आपलीच खोली दिसते. डोळे सरावले की मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसू लागतात.

पूर्वेच्या खोलीचे वेळापत्रक याच्या उलट आहे. उगवतीला उठून खिडकीत बसावे, दहानंतर बाहेर पडावे, आणि संध्याकाळ हवी असल्यास मरीन ड्राइव्हवर जाऊन घालवावी.

खिडकी उघडत असेल तर दिवसभर उघडी ठेवू नये. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे दमटपणा आत आणतात; वाळत घातलेले कपडे ओले राहतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे, विशेषतः हिवाळ्यात, कोरडे असतात. हवा खेळती ठेवण्याची ती वेळ. कॅमेरा किंवा चष्म्यावर बसलेला खारट थर कोरड्या फडक्याने घासू नये, आधी ओल्या मऊ कापडाने टिपावा.

पावसाळ्यातील विशेष काळजी

मुंबई महानगरपालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. ही भरती बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी येते, आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल तर पाणी समुद्रात जात नाही व सखल भाग तुंबतात. अशा दिवशी परतीचा प्रवास ठेवू नये. खिडकीतून उधाण पाहणे हा अत्यंत भव्य अनुभव आहे. तेवढ्यासाठी पावसाळ्यात स्टुडिओ घेणाऱ्यांचा निर्णय मला पूर्ण पटतो. पण ते खिडकीतूनच पाहावे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर त्या वेळी उभे राहू नये आणि काँक्रीटच्या चौपायांवर, म्हणजे टेट्रापॉडवर, कोणत्याही ऋतूत उतरू नये. शेवाळाने ते निसरडे असतात आणि मधल्या फटीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणे फार अवघड असते. नदीत पोहणाऱ्यालाही समुद्राची ओढ ओळखता येत नाही, हे कृष्णाकाठच्या तरुणांना मुद्दाम सांगून ठेवावे. गिरगाव आणि जुहूच्या वाळूवर पावसाळ्यात निळ्या जेलीफिश येतात. त्यांचा दंश फार वेदनादायक असतो, म्हणून अनवाणी चालू नये.

खोली सोडताना

खोली सोडण्याची वेळ बहुधा अकरा किंवा बारा असते आणि परतीची महालक्ष्मी रात्री सुटते. मधला दिवस मोकळा असतो. हॉटेलमध्ये सामान ठेवण्याची सोय विनामूल्य आहे का हे आदल्या दिवशीच विचारावे. नसेल तर टर्मिनसवरील सामानगृहात ठेवता येते, तिथे बॅगेला कुलूप लागते आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. भांडी धुऊन यादीप्रमाणे मोजून द्यावीत, फ्रिज रिकामा करावा, आणि जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घेऊन त्यावरील खोलीचा प्रकार व कराचा दर आरक्षणाच्या पावतीशी ताडून पाहावा. अनामत रक्कम रोख घेतली असेल तर ती तिथेच रोख परत घ्यावी. कार्डावर रोखून ठेवली असेल तर ती मोकळी केल्याचा संदेश स्वागतकक्षासमोर उभे असतानाच मागवून घ्यावा.